टागालोग: आंबा खाल्लेलं मूल की मुलाने खाल्लेला आंबा?

'बातांग कुमाइन नांग मांग्गा' म्हणजे आंबा खाल्लेलं मूल. 'मांग्गांग किनाइन नांग बाता' म्हणजे मुलाने खाल्लेला आंबा. फिलिपिन्सच्या या भाषेत एका रचनेवरून दुसरीवर जायचं तर क्रियापदाचं रूपच बदलावं लागतं, कारण साध्या वाक्यात 'आंग' हा छोटा शब्द (तो कोणत्या नामाआधी येणार, हे क्रियापदाचं रूप ठरवतं) ज्या नामाला लागतो, त्याच्याचभोवती असं विशेषण-वाक्य गुंफता येतं. मोठ्यांना दोन्ही रचना जमतात. लहान मुलांना मात्र पहिली सोपी जाते. दुसरी हवी असली तरी ती बरेचदा पहिलीच बोलून मोकळी होतात. गंमत म्हणजे, साध्या वाक्यांत 'किनाइन'सारखी कर्मप्रधान रूपंच त्यांच्या कानावर जास्त पडतात! त्यामुळे निव्वळ सवयीचं कारण मला अपुरं वाटतं. कर्त्याकडचा ओढा अधिक पटतो.