उद्यमनगरातलं १८ पौंडर : ओतकाम अव्वल, स्प्रिंग बदलून मागा

शोभेच्या पितळी तोफा कोल्हापुरात हव्या तितक्या मिळतात. नळी खरोखर मागे सरकून परत जागेवर येणारं ब्रिटिश १८ पौंडरचं (पहिल्या महायुद्धातली मैदानी तोफ) १:१० मॉडेल मात्र उद्यमनगरातल्या या एकाच वर्कशॉपमध्ये बनतं. किंमत साडेअठरा हजार.

१९०४ साली स्वीकारलेल्या या तोफेचा सगळा जीव नळीच्या वरच्या सिलिंडरात. गोळा सुटताच नळी मागे सरकते, तो धक्का झेलून तिला परत पुढे आणायचं काम त्याचं. फ्रेंचांनी १८९७ च्या ७५ मिमी तोफेत तेल आणि दाबलेली हवा वापरली. ब्रिटिशांनी धक्का तेलावर झेलला आणि नळी पुढे आणायला स्प्रिंगा लावल्या. गाडा जागचा हलेना, त्यामुळे दर गोळ्याला नव्याने नेम धरणं वाचलं. पण १९१४ च्या अखंड माऱ्यात याच स्प्रिंगा थकून तुटू लागल्या आणि युद्ध चालू असतानाच त्यांच्या जागी हवेची रचना आणावी लागली.

मॉडेलचंही दुखणं तिथेच आहे. मूळ नळी ४१ इंच मागे येते, म्हणजे इथे १०.४ सेंमी हवेत. येते साडेसहा. सिलिंडरात जागा १५० मिमी, त्यात १.२ मिमी तारेचे ७० वेढे, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की ८४ मिमी तिनेच अडवले. ०.८ मिमीची तार आणि ५० वेढे घेतले तर पूर्ण चाल मिळते. ताण मात्र बराच कमी होतो, म्हणून नळीची घसरपट्टी घासून साफ करावी आणि शिलाई मशीनचं तेल द्यावं. नाहीतर नळी वर उचललेली असताना ती शेवटचे काही मिलिमीटर पुढे येत नाही.

गनमेटलचं (तांबं-कथलाचा मिश्रधातू) ओतकाम पाहण्यासारखं आहे. ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या गोळा भरायच्या टोकाच्या, जाड भागात एक ब्लोहोल (हवेचं भोक) नाही, रायझर (साच्यात जादा धातू पुरवणारा खांब) कुठे होता तेही कळत नाही. स्क्रू ब्रीच मुठीच्या एकाच ओढीत फिरून बाजूला उघडतं, अगदी मूळासारखं. गोळ्यांच्या तुकड्यांपासून बचावासाठी सिलिंडरवर दोर गुंडाळत, तोही इथे सुतळीने नीट वळलाय.

चाकं निराशाजनक. मूळ चाकाचे लाकडी तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यावरची लोखंडी धाव, इथे सगळं एकसंध पितळेत ओतलंय. लाकूड आणि लोखंड वेगळं दिसायलाच हवं होतं. दुसरं, नळी ३० अंशांपर्यंत उचलते. मूळ गाड्याचा मागे जमिनीवर टेकणारा एकच दांडा ब्रीचच्या बरोबर खाली येतो, त्यामुळे ती १६ अंशांवर थांबे आणि पल्ला वाढवायला दांड्याचं टोक खड्ड्यात उतरवावं लागे.

बारीक तारेची स्प्रिंग हवी हे ऑर्डर देतानाच सांगा. सिलिंडरचं टोपण सीलंट लावून आवळतात. नंतर खोलायला गेलात तर आटे जातात.