‘कसंसंच होतं’ म्हटल्यावर जायचं कोणाकडे? गोव्यात थेरपिस्ट शोधताना मी केलेली तुलना

गेल्या चवथीला सांग्याला घरी गेले होते, नेवऱ्या तळताना वहिनी एकदम हळू आवाजात म्हणाली, "गो, तू ज्या बाईकडे जायचीस ना, ती डॉक्टर होती की नुसतीच बोलणारी?" मी विचारलं का गं, तर म्हणे काही नाही, झोप लागत नाही, कसंसंच होतं. बाहेर दादा बसलेला, त्यामुळे तेवढ्यावरच थांबलो. नंतर रात्री तिला जे सगळं सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न तिला एकटीला पडलेला नाही, आणि आमच्याकडे उत्तर द्यायला एकतर देवळातला कौल असतो नाहीतर शेजारची मावशी.

आधी माझं थोडक्यात. मी मेरशीला राहते, काम वेर्ण्याला, म्हणजे रोज झुआरी नदी ओलांडायची. २०२२ च्या पावसात, नवा पूल अजून सुरू व्हायचा होता, जुन्या पुलावर आमची कंपनीची बस अडकली आणि मला वाटलं आपण आता मरतोय. हात बधिर, छातीत धडधड, श्वास आत जाईना. कॅज्युअल्टीत ईसीजी नॉर्मल आला आणि तिथल्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून पाठवून दिलं. त्यानंतर दीड वर्षात मी तीन थेरपिस्ट केले आणि मध्ये काही महिने गोळ्याही घेतल्या, तर जे काही सांगतेय ते पेशंटच्या खुर्चीतून सांगतेय, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पहिला गोंधळ नावांचा. मराठी पेपरवाले सगळ्यांनाच मानसोपचारतज्ज्ञ म्हणून टाकतात, पण ही तीन वेगळी माणसं आहेत. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा तसलं शिक्षण घेतलेला डॉक्टर, गोळ्या हाच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकोलॉजिस्ट डॉक्टर नसतो, मानसशास्त्रात एमए आणि त्यावर बहुतेक वेळा दोन वर्षांचं एमफिल असतं, आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयकडे त्याची नोंद असावी लागते, तो सीआरआर नंबर सरळ मागायचा, खरा माणूस असेल तर त्यात त्याला काही वाईट वाटत नाही. काउन्सेलर हा शब्द मात्र सगळ्यात सैल. त्यात एमए, एमएसडब्ल्यू करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारे लोक आहेत आणि दोन वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून बोर्ड लावणारेही आहेत, आणि बाहेरून दोघं अगदी सारखे दिसतात.

मग कोणाकडे? मी वहिनीला सांगितलं की नाव बघू नकोस, तुझा दिवस कसा जातोय ते बघ. कामं होतायत, जेवण जातंय, पण एकाच गोष्टीभोवती मन फिरतंय, नातं, दुःख, भीती, तर बोलण्याच्या थेरपीने सुरुवात करायला हरकत नाही. अंथरुणातून उठवत नाही, आठवडे झाले झोप नाही, वजन उतरलंय, जीव नकोसा झालाय, किंवा कोणाचे आवाज ऐकू येतात, नाहीतर दोन-दोन दिवस न झोपताही अंगात भलताच उत्साह संचारतो, तर थेट सायकियाट्रिस्ट. तिथे नुसतं बोलत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली बसून फरशी पुसणं. आणि या सगळ्याच्याही आधी एक थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ करून घ्यायचं, कारण थायरॉईड बिघडलं तरी मन असंच वागतं.

गोळ्या की थेरपी यावर घरोघरी भांडणं होतात. माझ्यापुरतं सांगते, गोळीने धडधड खाली आणली, पण लगेच नाही, डिप्रेशन-अँक्झायटीच्या नेहमीच्या गोळ्यांना असर दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मला उलट जास्त मळमळत होतं, ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पुलाची भीती मात्र गोळीने गेली नाही, ती थेरपीने गेली. दोन्ही एकत्र चालतं, बऱ्याच जणांना तेच लागतं. आणि गोळी बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, हे मी करून बघितलंय, नका करू.

थेरपीने नक्की होतं काय, हे लोकांना कळत नाही. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाई मागे कलंडतेय आणि हा हात पसरून उभा, तसलं काहीतरी होणार असं माझ्या आईला वाटत होतं. हा फारिया आपला कांदोळीत जन्मलेला, १७५६ चा, पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करायचा, आणि गंमत म्हणजे तो स्वतःच म्हणायचा की ताकद माझ्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे. आल्तिनो टेकडीवरच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळाला त्याचंच नाव होतं, तेच आता बांबोळीचं आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळ. थेरपीत तसं कोणी झोपवत नाही, सल्लाही फारसा देत नाहीत. माझ्यात झालेला फरक सांगायचा तर आधी छाती धडधडली की मी "मरतेय" म्हणायचे, आता "आली परत" म्हणते आणि पुढचं काम करते. दादाशी वर्षभर जे बोलले नव्हते ते बोलले. झोप आली. बस्स, एवढंच, पण एवढ्यासाठी मी दोन वर्षं नोकरी सोडायच्या गोष्टी करत होते.

आता पद्धती. नावं खूप आहेत, त्यात अडकू नका, ढोबळमानाने दोन बाजू धरा. एक सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) आणि तिची भावंडं, म्हणजे विचार-वागणूक-शरीर यांची साखळी पकडायची, वही, होमवर्क, साधारण १२ ते २० सेशन आणि मग शेवट. आपल्या मराठी लोकांना यातली आरईबीटी जास्त ओळखीची, अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास काढलेली, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवली, विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात ती. दुसरी बाजू म्हणजे मोकळं, खोल बोलणं, लहानपण, नाती, याला ठरलेली मुदत नसते. पॅनिक (मला पुलावर आला तसला भीतीचा झटका), ठरावीक भीती, ओसीडी (नको असलेले तेच तेच विचार, तीच तीच कृती) असेल तर पहिली बाजू, त्यात घाबरवणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचा भाग असतो आणि तोच काम करतो. तेच तेच नातं दर वेळी त्याच वळणावर मोडत असेल तर दुसरी. माझ्या वहीत लिहिलेलं होतं: आगशीच्या बाजूला उतरून पुलाकडे बघत १० मिनिटं उभं राहणं, भीती १० पैकी ६. मैत्रिणीच्या मागे स्कूटरवर पूल, ८. एकटी बसने, ९. प्रत्येक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत परत परत. आगशीला मी उभी असताना एक काकी मासे घेऊन चालली होती, तिने दोनदा मागे वळून बघितलं, तिला वाटलं असणार ही उडी मारते की काय!

पण खरा फरक मला पद्धतीत दिसला नाही, भाषेत दिसला. आणि हे गोव्यात जास्तच, कारण आमचं घरात कोंकणी, वाचन मराठी, शाळा-ऑफिस इंग्लिश, आणि थेरपिस्टांच्या केबिनमध्ये बहुतेक वेळा इंग्लिश. माझी पहिली थेरपिस्ट हुशार होती, डिग्री पक्की, वेळेची पक्की, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मी तिच्यासमोर "आय फील अँक्शस" म्हणायचे आणि इंटरव्ह्यूला बसल्यासारखी नीट वाक्यं करायचे, सहा सेशनमध्ये एकदाही रडले नाही. दुसरीकडे गेले, फोंड्याची, मराठी-कोंकणी बोलणारी, तिला म्हटलं बस पुलावर आली की पोटात कसंतरी होतं. तिने विचारलं, "गोळा येतो की खड्डा पडतो?" मी गप्प. मग म्हटलं, खड्डा. गोळा भीतीचा असतो, खड्डा काहीतरी गेल्याचा, हे आपल्याला कोणी शिकवत नाही पण माहीत असतं. आणि मग निघालं की बाबांना शेवटी मडगावहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात (जीएमसी) नेताना अ‍ॅम्ब्युलन्स याच पुलावर अडकली होती आणि मी त्यांचा हात धरून बसले होते. पहिलीला मी बाबा गेल्याचं सांगितलं होतं, पुलाचं सांगितलं होतं, दोन्ही एकत्र कधी आलंच नव्हतं. ‘कसंसंच’ला इंग्लिशमध्ये शब्द नाही, त्यामुळे ते त्या खोलीत शिरलंच नव्हतं.

म्हणून माझं मत असं, डिग्री सारखी असेल तर जिच्याशी भांडणाच्या भाषेत बोलता येईल ती निवडा. ज्यांचं मनातलं बोलणं इंग्लिशमध्येच चालतं, आमच्या ऑफिसात तशी पुष्कळ मुलं आहेत, त्यांनी उलट करा.

डिग्रीचा विषय निघालाच आहे तर गोव्यातलीच एक गोष्ट सांगायला हवी. इथली संगथ ही संस्था १९९६ पासून काम करते, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली. त्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये असा प्रयोग केला की मानसिक आरोग्याचं आधी कुठलंच शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून, वर देखरेख ठेवून, डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ सेशन द्यायची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ च्या डिसेंबरमध्ये निकाल आले, तीन महिन्यांनी त्या गटात ६४ टक्के लोक लक्षणांतून बाहेर, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. याचा अर्थ डिग्री फालतू असा काढू नका, त्या लोकांच्या मागे ठरलेली पद्धत होती आणि चूक पकडायला कोणीतरी होतं. बोर्ड लावून एकटाच बसलेल्या काउन्सेलरला म्हणून एक प्रश्न जरूर विचारायचा, तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?

खर्चाचं. खाजगीत मी सेशनला १२०० देत होते, आठवड्याला एक, तासाला दहा मिनिटं कमी, हिशोब तुम्हीच करा. बांबोळीला सरकारी ओपीडीत पैशांचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, डॉक्टर आणि सायकोलॉजिस्ट एकाच छपराखाली मिळतात, पण सरकारी ठिकाण म्हटल्यावर रांग आणि अर्धा दिवस धरून चालायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायचा असं लिहिलंय खरं, पण बहुतेक पॉलिस्या अ‍ॅडमिट झाल्यावरचंच बघतात, सेशनची फी खिशातूनच जाते. काहीच जमत नसेल, किंवा रात्री दोन वाजता जीव कासावीस झाला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो थेरपीच्या जागी नाही, पण पहिला फोन म्हणून चांगला.

ऑनलाइन की समोरासमोर, यात गोव्यापुरता एक मुद्दा वेगळा आहे, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. वेटिंगमध्ये बसलात की वाड्यावरचं कोणीतरी येणारच आणि संध्याकाळपर्यंत घरी फोन, "तुमची बाय बरी आहे ना?" ऑनलाइनला हे नाही, शिवाय सांगे-काणकोणच्या माणसाला पणजीची फेरी वाचते, आणि थेरपिस्ट पुण्याची मुंबईची मराठीतली मिळू शकते. पण घरात बोलायला खोली हवी ना, वहिनीच्या घरी स्वयंपाकघर सोडून तिची म्हणावी अशी जागाच नाही. मी एका अ‍ॅपवर महिनाभर केलं, तिसऱ्या सेशनला थेरपिस्ट बदलली, कोणी सांगितलंही नाही, परत बाबांपासून सुरुवात. शिवाय पावसात लाईट गेली की नेट गेलं. जिवाला धोका असेल तर मात्र ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका.

निवडल्यावर तीन सेशन द्या. पहिल्यात कसंतरीच वाटतं, त्यावरून ठरवू नका. तिसऱ्यानंतर स्वतःला विचारा, आपण कशासाठी येतोय हे दोघांनाही सारखंच कळलंय का, आणि "तुमचं हे मला पटलं नाही" असं हिला तोंडावर सांगता येईल का. थेरपी कुठलीही असो, हे नातं जमलं तर फायदा जास्त होतो, हे अभ्यासांतून परत परत दिसलेलं आहे. जमलं नाही तर बदला, भटजी बदलत नाही आपण पण शिंपी बदलतोच की. आणि उठून सरळ निघायचं असेल तर ही कारणं: सेशनमध्ये स्वतःचंच रडगाणं, दहा सेशनचे पैसे आधी मागणं, "पंधरा दिवसांत बरं करतो", गोळ्या मनानेच बंद करायला लावणं, देव-पत्रिका काढणं, संध्याकाळी पर्सनल मेसेज. तुम्ही बोललेलं गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराची गोष्ट असेल असे काही अपवाद सोडून, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगायला हवं.

कौल घ्यायचा तर घ्या, आईने माझ्यासाठी घेतलेला, उजवा पडला, तिला बरं वाटलं. माझं त्यावर काही म्हणणं नाही, फक्त अपॉइंटमेंट त्यासाठी पुढे ढकलू नका.

वहिनीचं थायरॉईड थोडं वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू झाली. झोप जरा सुधारली, पण ‘कसंसंच’ तसंच. मग मडगावच्या एका बाईंचा नंबर मिळवला, दादा बागायतीत गेल्यावर मागच्या पडवीत बसून फोन लावला, मी शेजारी होते. वहिनी आधी शुद्ध मराठीत सुरू झाली, नमस्कार, मी अमुक बोलतेय, मला थोडी समस्या आहे, आणि अडकली. मग एकदम म्हणाली, "बाय, म्हाका कशेंच जाता."

पलीकडून आवाज आला, "कशें म्हणल्यार कशें? सांगात पळोवया."

मी उठून आत गेले.