फोर-के साठी घरचा मीडिया सर्व्हर: तयार एनएएस की मिनी पीसी?

फोर-के टीव्ही घरात आहे, डिस्कवर सिनेमे आणि मुंजी-लग्नांचं शूटिंग साठलंय, आणि ते सगळ्या खोल्यांत दिसायला हवंय. अशा वेळी निवड बहुतेक दोन वस्तूंवर येऊन ठेपते: दोन डिस्कचा तयार एनएएस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, किंवा इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी. ऑफिसांतून निघालेला जुना डेस्कटॉप हा तिसरा उमेदवार, त्याचंही पुढे बघू. माझ्याकडे मिनी पीसी आहे, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं वजा करून घ्या.

रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकाचं एका ओळीत उरकतो. त्यात एचईव्हीसी, म्हणजे फोर-के व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत, उलगडायची सोय आहे, पण व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही. टीव्हीला जोडून प्लेअर म्हणून छान, सर्व्हर म्हणून नको.

फाइल जशीच्या तशी टीव्हीला गेली, म्हणजे डायरेक्ट प्ले झालं, तर सगळे डबे सारखेच. ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फोर-के फाइल साधारण ५० ते ८० एमबीपीएसने वाहते आणि मारामारीच्या दृश्यात १०० च्या वर उसळते. सर्व्हरला याचं काही वाटत नाही. अडतं ते टीव्हीपाशी, कारण बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट आजही १०० एमबीपीएसचंच असतं. तिथे केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बरं पडतं. मात्र आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंतींतून ते वायफाय पुढच्या खोलीतसुद्धा नीट पोचत नाही. तिथे कॅट-६ केबल टाकून टीव्हीच्या खोलीत वेगळा वायफायचा डबा (ॲक्सेस पॉइंट) लावावा. थाटीपूर किंवा सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. डबा बदलून नेटवर्कचा दोष जात नाही, म्हणून हे आधी तपासा.

आता ज्या कटकटीने माझं पारडं झुकलं तिच्याकडे वळतो: देवनागरी सबटायटल्स. घरातल्या मोठ्यांना परदेशी सिनेमा बघताना खाली मराठी किंवा हिंदी ओळी लागतात, आणि काही जुन्या वा स्वस्त टीव्हींच्या ॲपमध्ये त्या धड उमटत नाहीत. जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, ‘निश्चित’मधली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, नाहीतर नुसते चौकोन येतात. टीव्हीचा फाँट बदलता येत नाही. टीव्ही बदलायचा नसेल तर उपाय एकच उरतो: सर्व्हरने अक्षरं चित्रावरच छापून पाठवायची. याला बर्न-इन म्हणतात. ब्लू-रेवरची चित्ररूप सबटायटल्सही टीव्हीला वाचता आली नाहीत की हेच करावं लागतं.

दोन ओळींच्या मजकुरासाठी सर्व्हरला केवढा खटाटोप पडतो पाहा. १० बिटचं एचईव्हीसी चित्र उलगडायचं, एचडीआरचे (जास्त उजळ आणि गडद छटांचे) रंग साध्या रंगांत आणायचे, त्यावर अक्षरं बसवायची आणि पुन्हा एन्कोड करायचं, तेही सेकंदाला २४ चित्रं या वेगाने, सिनेमा संपेपर्यंत. रंगांची पायरी, म्हणजे टोन मॅपिंग, वगळली तर चित्र धुवून काढल्यासारखं फिकट येतं. हे सगळं अशा छोट्या डब्यातल्या नुसत्या प्रोसेसरच्या जिवावर शक्य नाही, त्यात ग्राफिक्सचा भाग हवाच.

नेमका इथे तयार एनएएस मागे पडतो. सिनॉलॉजीच्या डीएस९२३ प्लसमध्ये रायझन आर१६०० आहे आणि डीएस९२५ प्लसमध्ये रायझन व्ही१५००बी. दोन्ही चिप फायली वाटायला चांगल्या, पण दोहोंत ग्राफिक्सच नाही. डीएस२२४ प्लसमधल्या सेलेरॉन जे४१२५ मध्ये ते आहे, पण ती चिप २०१९ ची. साधं ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडून पुन्हा एन्कोड करणं, ती निभावते. फोर-के एचडीआर, टोन मॅपिंग आणि वर अक्षरं एवढं एकदम मागितलं की तिची दमछाक होते. एन१०० फक्त ६ वॅटची चिप, पण २०२३ ची. तिच्यातला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा भाग हे काम एका टीव्हीसाठी आरामात करतो, आणि माझ्या अनुभवात दुसऱ्यासाठीही. एव्ही१ ही व्हिडिओची नवी पद्धत उलगडणं जे४१२५ ला जमत नाही, एन१०० ला जमतं.

अर्थात मिनी पीसी घेतला म्हणून अक्षरं आपोआप सुधारत नाहीत. जेलीफिन हे मोफत मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद कप्प्यात, चालवत असाल तर त्या कंटेनरच्या आत देवनागरी फाँट असेलच असं नाही. होस्टवर, म्हणजे मिनी पीसीच्या मूळ लिनक्सवर, नोटो सान्स देवनागरी हा फाँट बसवा आणि फाँटचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता कंटेनरला जोडा. ग्राफिक्सचं डीआरआय उपकरणही आत द्यावं लागतं आणि ते वापरायची परवानगी मिळावी म्हणून जेलीफिनच्या वापरकर्त्याला लिनक्सच्या रेंडर गटात घालावं लागतं. हे राहिलं तर व्हिडिओ एकतर सुरूच होत नाही किंवा सगळा भार प्रोसेसरवर पडून दर दोन सेकंदांनी अडखळतो. सबटायटलची फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्येच हवी. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली आपल्याकडे अजून फिरतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर रोमन अक्षरांचा कचरा छापला जाईल. सेटिंगमध्ये एचईव्हीसीत एन्कोड करायला परवानगी दिली तर २० ते २५ एमबीपीएसमध्येही चित्र डोळ्यांना खटकत नाही. जेलीफिनऐवजी प्लेक्स हे तसलंच सॉफ्टवेअर वापरणार असाल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी प्लेक्स पासचे पैसे मोजावे लागतात, जेलीफिनला नाही.

शूटिंगवाल्याने कॅमेऱ्यातल्या मूळ फायली दिल्या असतील आणि त्या एच.२६४ या जुन्या पद्धतीत पण १० बिट ४:२:२ (रंगांची माहिती जास्त ठेवणाऱ्या प्रकारच्या) असतील, तर एन१०० चं हार्डवेअरही हात वर करतं. त्या फायली रात्री एकदाच नेहमीच्या ४:२:० च्या एचईव्हीसीत करून ठेवाव्यात आणि मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर जपावी.

एनएएसची बाजूही मांडायला हवी, कारण डिस्क सांभाळण्यात तो सरस आहे. दोन डिस्कवर आरशासारखी प्रत, डिस्क आजारी पडू लागली की ईमेल, सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप जमा होणं, हे पहिल्या दिवसापासून मिळतं. मिनी पीसीत ३.५ इंची डिस्क मावत नाही, ती यूएसबीच्या बाहेरच्या डब्यात ठेवावी लागते आणि कटकटी तिथेच जन्मतात. स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलाच डबा घ्या. डिस्कवर एक्सफॅट ही फाइल-मांडणी ठेवू नका. त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसल्याने लाइट गेली की फायली बिघडायची भीती असते. लिनक्सची ईएक्सटी४ करा, एफएसटॅब या फाइलमध्ये डिस्क तिच्या यूयूआयडी या ओळख-क्रमांकाने नोंदवा आणि सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होतं. एक छुपा धोका असा: लाइट आल्यावर डिस्क मागे राहिली आणि सर्व्हर आधी उठला, तर त्याला रिकामा फोल्डर दिसतो आणि पुढच्या स्कॅनमध्ये तो लायब्ररीतल्या नोंदी पुसून टाकू शकतो. म्हणून डिस्क माउंट झाल्याशिवाय, म्हणजे जोडली गेल्याशिवाय, सर्व्हरची सेवा सुरू होणार नाही अशी अट सिस्टमडीत, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या भागात, घाला.

लाइटचा विषय निघालाच आहे तर, मशीनच्या बायोस सेटिंगमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा. काही स्वस्त मिनी पीसींत तो नसतो, मग दर वेळी कुणीतरी उठून बटण दाबायचं. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, दुसऱ्या मोडमध्ये बदलीच्या क्षणी मशीन बंद पडू शकतं.

वीजबिलात दोघांत फारसा फरक नाही. डिस्क धरून १५ वॅटच्या आसपास, म्हणजे चोवीस तास चालू ठेवून महिन्याला साधारण ११ युनिट. जुना टॉवर पीसी ५० वॅट खात असेल तर ३६ युनिट होतात. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, पण महिन्याचा वापर १५० च्या आत असेल तरच. उन्हाळ्यात कूलर-एसीपुढे ही मर्यादा कुणाची टिकत नाही. थंडीत मात्र १३० युनिटवर असलेलं घर त्या टॉवरमुळे योजनेबाहेर जातं.

उन्हाळा दोघांनाही जड जातो. ग्वाल्हेरात पारा ४५ च्या वर गेला की टीव्हीखालच्या बंद कपाटात पंखा नसलेला मिनी पीसी वेग कमी करतो आणि बर्न-इन अडखळू लागतं. पंखेवालाच घ्या आणि दर उन्हाळ्याआधी धूळ काढा. कूलरच्या झोतात काहीही ठेवू नका, त्या ओल्या हवेबरोबर धूळ आत जाऊन चिकटते. वाडा असेल तर माजघर सगळ्यात बरं.

जुना डेस्कटॉप घ्यायचाच तर आठव्या पिढीचा आय५, छोट्या केसचा. ३.५ इंची डिस्क आत बसते, वीज परतल्यावर सुरू होण्याची सोय असते, बर्न-इनही जमतं. मागे पडतो तो एव्ही१ मध्ये. सहाव्या पिढीच्या खाली जाऊ नका असं काही विक्रेते सांगतात. फोर-के साठी सहावीसुद्धा नको, १० बिट एचईव्हीसी सातवीपासून धड चालतं. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर तर मुळीच नको, त्यात ग्राफिक्स नसतं.

पैसे घालण्याआधी एक चाचणी फुकटात होते. घरच्या लॅपटॉपवर जेलीफिन टाका, देवनागरी सबटायटल असलेला एक फोर-के सिनेमा टीव्हीवर लावा आणि डॅशबोर्ड उघडा. डायरेक्ट प्ले दिसत असेल आणि टीव्हीवर जोडाक्षरं नीट उमटत असतील, जसं अँड्रॉइड टीव्हीवर बहुधा होतं, तर एनएएस घ्यायला काहीच हरकत नाही. अक्षरं फुटत असतील तर टीव्ही किंवा त्याला लावायची स्ट्रीमिंगची काडी (स्टिक) बदलण्याचाही विचार करता येईल. तेही नको असेल, तर मी एन१०० घेईन, ८ ऐवजी १६ जीबी रॅमचा, आणि उरलेल्या पैशांत बॅकअपसाठी दुसरी डिस्क.