टोयोटा इनोव्हा क्रिस्टा 2.4 डिझेल: गाडी नावाला जागते, पण जुनी घेताना मीटरवर भिस्त ठेवू नका

2 लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी म्हटलं की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. तीच गाडी इनोव्हा असेल तर मालक किंमत कमी करायला तयार होत नाही, आणि दोन दिवसांत ती विकलीही जाते. हा भरवसा बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र आज तो इतका वाढलाय की सांभाळलेल्या आणि पिळून काढलेल्या गाडीच्या किमतीत फारसा फरक उरलेला नाही. त्यामुळे हा भरवसा येतो कुठून आणि कुठल्या गाडीला तो लागू होत नाही, या दोन्ही गोष्टी नीट कळायला हव्यात.

सुरुवात मोटारीपासून नाही, मागापासून झाली. साकिची टोयोडा यांचा ‘टाइप जी’ स्वयंचलित माग 1924 साली तयार झाला. धागा तुटला की हा माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. धागा तुटूनही माग चालत राहिला तर पुढचं सगळं कापड डागी निघतं. माग स्वतःच थांबत असल्यामुळे एक कामगार अनेक मागांवर नजर ठेवू शकला. 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. साकिचींचा मुलगा किइचिरो याने माग बनवणाऱ्या कंपनीतच 1933 साली मोटारींचा विभाग काढला, 1936 साली ‘एए’ ही पहिली प्रवासी गाडी बाजारात आली आणि 1937 साली टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. मागाचं तत्त्व मात्र कारखान्यात कायम राहिलं. जोडणीच्या रांगेतल्या कुठल्याही कामगाराला काही चुकलेलं दिसलं की तो दोरी ओढतो. चूक तिथेच सुटली नाही तर रांग थांबते, कारण ती पुढे सरकू द्यायची नाही असा दंडक आहे. टोयोटाच्या टिकाऊपणाचं मूळ यात आहे. चकचकीत नवं तंत्र सगळ्यांच्या आधी आणण्यापेक्षा पारखलेला सुटा भाग वर्षानुवर्षं वापरायचा, ही सवयही त्याच मुशीतली.

महाराष्ट्राचा धागा यात किर्लोस्करांमुळे आला. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर घडवणाऱ्या घराण्याची टोयोटाशी भागीदारी 1995 साली वस्त्रोद्योगाच्या यंत्रांपासून सुरू झाली. मोटारींसाठीची टोयोटा किर्लोस्कर मोटर त्यानंतर, 1997 साली, बंगळुरूजवळच्या बिडदीला निघाली. क्रिस्टाचं जीडी डिझेल इंजिनही बंगळुरूलगतच्या जिगणीत बनतं, आणि ते बनवणारी टोयोटा इंडस्ट्रीज ही मूळची साकिचींची मागांचीच कंपनी.

गाडीचं कूळ इंडोनेशियातलं. तिथे 1977 साली ‘किजांग’ नावाची साधी, डब्यासारखी, मालवाहू-प्रवासी गाडी निघाली. तिच्या तिसऱ्या पिढीवर बेतलेली क्वालिस 2000 साली भारतात आली. क्वालिस जोरात खपत असतानाच कंपनीने ती बंद केली आणि फेब्रुवारी 2005 मध्ये इनोव्हा आणली. मे 2016 मध्ये क्रिस्टा आली. या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे: खाली शिडीसारखी पोलादी चॅसी, त्यावर बसवलेली बॉडी, आणि मागच्या चाकांना ताकद.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. क्रिस्टाचं 2.4 इंजिन 2393 सीसीचं, 150 पीएस ताकदीचं, मॅन्युअलमध्ये 343 एनएम टॉर्कचं. जुन्या इनोव्हाचं 2.5 इंजिन 102 पीएस आणि 200 एनएमवर भागवायचं. घाटात हा फरक लगेच जाणवतो. सात माणसं, डिकीत बॅगा आणि एसी सुरू असतानाही कशेडी किंवा वरंध्याच्या चढावर क्रिस्टा तिसऱ्यात शांतपणे ओढते. टॉर्क 1400 आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो, त्यामुळे सारखा गिअर बदलावा लागत नाही. इको मोडमध्ये गाडी सुस्त वाटते. ओव्हरटेक करायचं असेल तर आधी पॉवर मोडचं बटण दाबा.

मधल्या रांगेतल्या कॅप्टन सीटसाठीच बहुतेक लोक ही गाडी घेतात आणि ते रास्त आहे. पुणे-नागपूर एका दिवसात करूनही पाठ धरत नाही. तिसरी रांग मोठ्यांनाही चालते, पण दोनच माणसांना. आठ सीटरमध्ये तिथे तिघं बसले की मधल्याचे हाल होतात. गाडी रिकामी असताना मागची बाजू खड्ड्यात उडते, भरली की बसते. चॅसीवरच्या गाड्यांचा हा स्वभावच आहे, शॉक बदलून तो जात नाही. क्लच जड आहे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास चालवणाऱ्याचा डावा गुडघा बोलायला लागतो. न्यूट्रलमध्ये गिअरचा दांडा थरथरतो, तो बिघाड समजू नका. मॅन्युअलचं कागदावरचं अॅव्हरेज लिटरला 15.1 किमी आहे. शहरात 10-11 आणि हायवेला 80-90 च्या वेगाने 13-14 मिळालं तर गाडी ठीक आहे.

बिघाडांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘इनोव्हाला काही होत नाही’ या समजुतीनेच या गाड्या खराब होतात.

जुन्या 2.5 इनोव्हाचा खरा शत्रू म्हणजे इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर. ते झिजलं की जळलेला वायू वर सरकतो आणि काजळी इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइल डांबरासारखं घट्ट होतं आणि चेंबरमधली ऑइल खेचणारी जाळी बुजते. मग आधी टर्बो जातो, नंतर बेअरिंग. इंजेक्टरच्या मुळाशी काळा चिकट थर दिसला किंवा उभ्या गाडीत एसीमधून धुराचा वास आला तर चारही वॉशर बदला, आणि त्याच वेळी ऑइल चेंबर उतरवून जाळी तपासा. नुसती वॉशर बदलली तर आधीच साचलेली काजळी आतच राहते. याच इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट बदलायची वेळ झाली की मीटरमध्ये ‘टी-बेल्ट’चा दिवा लागतो. बेल्ट न बदलताही हा दिवा घालवता येतो, म्हणून दिवा बंद दिसला तरी बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं मोठं काम निघतं. चालता चालता गाडी गचके देत असेल, आयडलवर आरपीएम वरखाली होत असतील तर पंप बदलण्याआधी पंपावरचा, डिझेलचं प्रमाण ठरवणारा एससीव्ही व्हॉल्व्ह आणि डिझेल फिल्टर तपासून घ्या. थेट नवा पंप सांगणारे मेकॅनिक कमी नाहीत.

क्रिस्टात बेल्टऐवजी चेन आहे, ती काळजी मिटली. तिथे त्रास देतो तो ईजीआर (जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक (हवा आत घेणारी वाट) यांतला कार्बन. कमी आरपीएमवर, कायम वरच्या गिअरमध्ये रेंगाळत चालवलेल्या गाडीत तो लवकर साचतो. पिकअप मंदावतो, धूर वाढतो. साधारण लाखभर किलोमीटरनंतर इनटेक आणि ईजीआर उतरवून साफ केले की फरक कळतो. टाकीत ओतायची औषधं इथे काम करत नाहीत, कारण डिझेल त्या वाटेने जातच नाही.

2020 नंतरच्या बीएस6 गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल जाळून 600 अंशांच्या आसपास तापमान नेते आणि ती काजळी जाळते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली तर ऑइल पातळ झालंय, लगेच बदला. डीपीएफची सूचना आली की गाडी बंद करू नका. 20-25 मिनिटं मोकळ्या रस्त्यावर 65 च्या वर सलग चालवा. ऑइल सी2 दर्जाचं, कमी राखेचंच हवं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही. रोज फक्त शाळा आणि बाजार असा वापर असेल तर ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कूलंट गुलाबी, टोयोटाचं लाँग लाइफच भरा. पहिल्यांदा 1,60,000 किमीला आणि पुढे दर 80,000 किमीला ते बदलायचं असतं. ड्रायव्हर लोक वाटेत नळाचं पाणी भरतात आणि दोन वर्षांत रेडिएटर आतून गंजायला लागतो. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडल्यावर पाणी तांबूस दिसलं तर ती गाडी सोडून द्या.

आता पारख. सकाळी जा, आणि येण्याआधी गाडी सुरू करू नका असं बजावून सांगा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं धरून चाला. थंड गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. ठक-ठक आवाज मिनिटभरानंतरही राहिला तर इंजेक्टरची चाचणी करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला चार सारख्या बाटल्या लावून इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवायचं. बाटल्यांतली पातळी जवळपास सारखी हवी. एखाद्या बाटलीत दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेलेला आहे. क्रिस्टात नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. ते न करता नुसता बसवून देणाऱ्या गॅरेजमधून निघालेली गाडी कधी नीट चालत नाही.

ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघडून उलटं ठेवा. जरा थरथरलं तर चालेल, पण वाफेच्या झोताने उडून पडलं तर रिंगा झिजल्यात.

सगळ्यात मोठी फसवणूक होते ती मीटरमध्ये. टुरिस्ट टॅक्सी म्हणून 3-4 लाख किमी पळालेली गाडी आरटीओत खासगी करून, मीटर 90 हजारांवर आणून विकली जाते. आरसीवरचा वर्ग आणि मालकांची संख्या ‘वाहन’ पोर्टलवर बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर देऊन प्रत्येक भेटीच्या वेळचं किलोमीटर मागून घ्या. त्यानंतर ड्रायव्हरच्या बाजूने खाली वाका आणि अॅक्सिलरेटर पेडलच्या वरची वायर टॉर्चने बघा. टॅक्सीला 80 च्या वेगाचा स्पीड गव्हर्नर सक्तीचा असतो. तो काढला तरी तिथे कापून जोडलेल्या वायरी आणि काळी टेप राहून जाते. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली आणि मीटर म्हणतंय 80 हजार, तर मीटर खोटं आहे.

कोकणातली गाडी असेल तर ती लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. खारी हवा मागच्या चॅसीच्या आतल्या बाजूला आणि ब्रेकच्या पाइपांवर काम करते. वरून मारलेलं ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं तर हातोडीने हलकेच ठोकून बघा, सुट्या गंजाचा आवाज भरीव येत नाही. पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर लोअर आर्मचे बुश गेलेत. हे काम मामुली आहे, भाव पाडायला मात्र उपयोगी पडतं. तिसऱ्या रांगेत बसून मागचा एसी दहा मिनिटं चालवून बघायला विसरू नका.

या इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जानेवारी 2024 मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजने कबूल केलं की डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत, विक्रीच्या गाडीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर असलेले ईसीयू वापरले गेले, जेणेकरून आकडे एकसारखे दिसावेत. भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सचा पुरवठा काही काळ थांबला. यामुळे गाडी रस्त्यावर बंद पडत नाही, विकत घेताना घाबरायचं कारण नाही. पण चूक दिसली की थांबायचं, हे जगाला शिकवणाऱ्या कंपनीत आणि तेही मूळ मागाच्या घरात असं व्हावं, हे गंभीर आहे.

कुठली घ्यावी? रोज लांबचा प्रवास, सात माणसं, खराब रस्ते असतील तर 2017 ते 2019 मधली बीएस4, 2.4 मॅन्युअल, एका खासगी मालकाची, सर्व्हिसचा पूर्ण कागद असलेली. दीड लाख किमी झालेली असली तरी चालेल, कागद नसलेल्या 60 हजारवालीपेक्षा ती केव्हाही बरी. घेतल्या घेतल्या इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअर ऑइल, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदलून टाका. इंजिन ऑइल लहान हॅचबॅकच्या जवळपास दुप्पट लागतं, तो खर्च आधीच धरा. डिझेल फिल्टरमधल्या पाण्याची सूचना लागली तर फिल्टरखालचा ड्रेन नॉब जरा सैल करून, वरच्या हातपंपाने स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढायचं आणि नॉब घट्ट करायचा. हे मालकाला घरी जमतं, खाली भांडं धरलं म्हणजे झालं.

मुख्यतः शहरात फिरणार असाल तर 2022 अखेर आलेली इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड बघा. तिला चॅसी नाही, ताकद पुढच्या चाकांना आहे आणि कागदावरचं अॅव्हरेज 23.24 किमी आहे. रखडत्या ट्रॅफिकमध्ये ती बराच वेळ बॅटरीवर चालते, त्यामुळे शहरातच तिचा खरा फायदा. हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी आहे. बॅटरी पुढच्या सीटखाली आहे. तिथल्या हवा घेणाऱ्या जाळीसमोर पिशव्या किंवा चपला ठेवू नका आणि प्रत्येक सर्व्हिसला ती जाळी साफ केल्याचं बिलावर लिहून घ्या.