डब्यावर 2500 वॅट, आत 40 ॲम्पिअरचे फ्यूज: मोनो ॲम्पचा नऊ महिन्यांचा अनुभव

जुलैत भर पावसात, पेठ नाक्याजवळ, एसी, वायपर आणि हेडलाइट चालू असताना माझ्या गाडीतला सब, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, एकदम गप्प झाला. डिकी उघडून बघितलं तर सबला पॉवर देणाऱ्या मोनो (एकाच चॅनलच्या) ॲम्पवर प्रोटेक्टचा लाल दिवा, म्हणजे ॲम्पने जपून स्वतःला बंद केलेलं. गाडी बंद करून चालू केली की गाणं सुरू, मोठा बेस आला की पुन्हा लाल. तोवर मी हा ॲम्प सहा महिने वापरत होतो आणि चार जणांना शिफारसही करून बसलो होतो.

ॲम्प 4200 रुपयांचा, ऑनलाइन घेतलेला, क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या जातीचा. डब्यावर सोनेरी अक्षरात 2500 वॅट. आतल्या कागदावर बारीक टायपात 4 ओहमला 500 आणि 2 ओहमला 800 वॅट आरएमएस. ओहम म्हणजे सबचा विजेला होणारा विरोध, आणि आरएमएस म्हणजे सलग देता येणारे वॅट. पूर्वी टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ नावाचे फुगवलेले वॅट छापायचे, त्याच घराण्यातला हा 2500. तो मी धरलाच नव्हता, 500 धरून पैसे दिले होते. माझा 12 इंची सब 4 ओहमचा आणि 300 वॅट आरएमएसचा, म्हणजे भरपूर झालं.

सर्व्हिस सेंटरने बिल मागितलं, मूळ डबा मागितला, कुरिअरचे 380 रुपये माझ्याकडून घेतले आणि अठरा दिवसांनी ॲम्प जसाच्या तसा परत पाठवला. सोबत चिठ्ठी: "युनिट ओके, फिटिंग चुकीचे." डोकं फिरलं. त्या रागात मी पहिल्यांदा ॲम्पच्या कडेला लावलेले फ्यूज नीट बघितले. 20 ॲम्पिअरचे दोन, एकूण 40. इंजिन चालू असताना बॅटरी फार तर 14.4 व्होल्ट. म्हणजे आत जाणार 576 वॅट. क्लास डी असला तरी वीसेक टक्के उष्णतेत जाणार, बाहेर राहिले 460. मग 2 ओहमचे 800 येतात कुठून? 2500 चं तर नावच नको. पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला मी हे फ्यूजचं गणित ऐकवत होतो. घरी जेवतानासुद्धा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मोटर वाइंडिंगवाले मामा आहेत. ते म्हणाले, "तोंडाने काय वॅट मोजतोस? लोड लाव की!" त्यांनी गीझरच्या 2000 वॅटच्या सात कॉइल पॅरलल जोडून पाण्याच्या बादलीत सोडल्या. एक कॉइल 26 ओहमच्या आसपास, सात मिळून 3.8. चार ओहमचा सब समजा, फक्त आवाज न करणारा. मोबाइलवरून 50 हर्ट्झचा टोन दिला, कारण स्वस्त मल्टीमीटर एसी व्होल्ट तिथेच बरे दाखवतो. लाटेचं टोक कधी चपटं होतं, म्हणजे ॲम्पची ताकद संपून आवाज कधी फाटायला लागतो, ते पडद्यावर बघायला भाच्याचा खिशात मावणारा ऑसिलोस्कोप. टोक चपटं व्हायच्या जरा आधी मीटरवर 27.5 व्होल्ट. वर्ग करून 3.8 ने भागा: 199 वॅट.

पाचशेचे एकशे नव्याण्णव! मी तिथेच शिव्या सुरू केल्या. मामांनी मात्र मीटरच्या तारा ॲम्पच्या सप्लायला लावल्या. बॅटरीवर 13.9 आणि ॲम्पपाशी 11.6. सव्वादोन व्होल्ट वाटेतच गायब. निम्म्याहून जास्त व्होल्ट अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरला, पडत होते, कारण फिटरने सीटच्या बोल्टखाली, रंग न खरवडताच वायर दाबली होती आणि पावसाळ्यात तिथे गंजही धरला होता. उरलेले वायरमध्ये. साडेसहाशेचा "8 गेज" जाडीचा वायर किट सोलून बघितला तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तेही इन्सुलेशन जाड आणि धातू बारीक. अशा स्वस्त ॲम्पचा आतला सप्लाय रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा, नसतो. बॅटरीचे व्होल्ट पडले की आउटपुटचे त्याच प्रमाणात पडतात आणि वॅट त्याच्या वर्गाने. लाल दिवाही लो व्होल्टेजचाच होता. म्हणजे ती चिठ्ठी बरोबर होती. 380 रुपयांचं दुःख तरीही कायम आहे. फिटिंगमध्ये चुकीचं काय, एवढं लिहायला शाई संपली होती का?

अस्सल तांब्याची वायर 2300 ला पडली. पत्रा खरवडून अर्थिंग नव्याने केलं, पुन्हा बादली. आता ॲम्पपाशी 13.4 व्होल्ट, आउटपुट 31.8, म्हणजे 266 वॅट. वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर साडेपंचवीस ॲम्पिअर. आत गेले 342, बाहेर आले 266, म्हणजे 78 टक्के. क्लास डीला हे वाईट नाही. ॲम्प प्रामाणिक आहे, डबा नाही. लाट चपटी होऊ दिली की मीटर खुशाल पुढे पळतो. 10 टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) चालवून घेतलं तर कागदावर पाव हिस्सा जास्त वॅट लिहिता येतात. तेवढी सूट देऊनही मी 340 च्या पुढे जात नाही. अमेरिकेत कार ॲम्पसाठी सीटीए-2006 नावाचं मानक आहे: 14.4 व्होल्ट, 4 ओहम, डिस्टॉर्शन 1 टक्क्याच्या आत. ते पाळणं ऐच्छिक आहे, आणि माझ्या डब्यावर त्याचा उल्लेखही नाही.

फ्यूजबद्दलही थोडं मागे येतो. फ्यूज थोडा वेळ त्याच्या आकड्यापेक्षा जास्त करंट सोसतो आणि गाणं म्हणजे सतत वाजणारा टोन नव्हे. त्यामुळे फ्यूज हा पुरावा नाही, पण विकत घेण्याआधी फोटो मोठा करून तो बघाच. आणि कानाचं म्हणाल तर 266 आणि 500 मधला फरक तीन डेसिबलसुद्धा भरत नाही. त्यापेक्षा बेस बूस्टच्या नॉबने जास्त घात केला होता. 12 डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला सोळापट वॅटची मागणी, ती हा बिचारा कुठून पुरवणार? तो शून्यावर आणल्यापासून बेस साफ आहे, सबच्या कॉइलचा जळका वासही येत नाही.

डब्याच्या हिशोबाने मला वॅट पावणेदोन रुपयाला पडायला हवा होता, पडला जवळपास सोळा रुपयाला. वायर आणि कुरिअर धरलं तर सव्वीस. खरे 250 वॅट देणाऱ्या नावाजलेल्या ॲम्पला दुकानदाराने 9000 सांगितले होते, म्हणून हा ठेवलाय. 300 वॅटच्या सबला पुरतोय. पण 2 ओहमला लावायच्या भानगडीत मी पडणार नाही.

शेवटच्या मोजणीला आम्ही ॲम्प दहा मिनिटं सलग चालवला. वरून हात ठेववत नव्हता. मामांनी बादलीत बोट बुडवलं. दहा लिटर पाणी, जेमतेम चार अंश चढलं असेल. "खरंच अडीच हजार वॅट असते ना," ते म्हणाले, "तर एव्हाना आंघोळीला विसण घ्यावं लागलं असतं." ॲम्पचा जोर ठरवणाऱ्या गेनच्या नॉबवर 31 व्होल्टच्या खुणेला बायकोचं नेलपॉलिश लावून ठेवलंय. कॉइल मात्र अजून आमच्याच घरी आहेत, परत द्यायच्या आहेत.