अराकू की मान्सून्ड मलबार?

लातूरच्या मावसभावाने एका कॉफी भाजणाऱ्याची हंगामी यादी पाठवून या दोहोंपैकी काय मागवावे, असे विचारले आहे. पाकिटावरची ‘संत्रे, चॉकलेट, गूळ’ ही वर्णने बाजूला ठेवू.

अराकू खोऱ्याची अरेबिका जातीची कॉफी आंध्रातील पूर्व घाटात, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांच्या लहान मळ्यांत पिकते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मलबारच्या बिया मात्र पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील उघड्या बाजूंच्या गोदामांत दमट वाऱ्यावर पसरून ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या पडतात आणि त्यांचा आंबटपणा बराचसा जातो.

आपल्याकडे निवाडा पाणीच करते. बोअरच्या पाण्यातील जे क्षार पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतात, तेच कॉफीतील आंबटपणाही मारतात, आणि अराकूचे मोल तर त्या फळासारख्या आंबटपणातच आहे. बोअरच्या पाण्यात केलेली अराकू मला निव्वळ कडसर लागली. तीच जारच्या पाण्यात केली, तर ओळखू येईना. मलबारचे अशा पाण्याने फारसे बिघडत नाही आणि दुधातही तिची चव दबत नाही.

यादीतील किमतींत फरक किरकोळ आहे. मे महिन्यात दोन्ही लवकर शिळ्या होतात, म्हणून पंधरा दिवसांपुरत्याच मागवाव्यात.

सकाळी घरभर दूध-साखरेची कॉफी होत असेल, तर मलबार घ्यावी. जारचे पाणी आणि बिनदुधाची सवय असणाऱ्याने अराकू. मावसभावाच्या घरी सात माणसे आहेत आणि पाणी बोअरचे, तेव्हा त्याने मलबारच मागवावी.