३:१ की १०:१? अँटेना ट्यूनर घेण्याआधी

हॅम रेडिओसाठी गच्चीवर ४० मीटर बँडची इन्व्हर्टेड व्ही (मधे उंच, दोन्ही टोकांकडे उतरती तारेची अँटेना) चढली की थोड्याच दिवसांत बाकीचे बँडही हवेसे वाटतात. मग प्रश्न येतो: रिगमधला (रेडिओ सेटमधला) ट्यूनर, म्हणजे अँटेनाचा इम्पीडन्स रिगच्या ५० ओहमशी जुळवणारं सर्किट, पुरेल, टेबलावरचा वेगळा घ्यावा, की थेट अँटेनापाशी बसणारा? तुलना बहुतेक वेळा मॅचिंग रेंजच्या (ट्यूनर किती ते किती ओहम जुळवू शकतो त्याच्या) आकड्यावरच अडते. आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो सांगतो ट्यूनरपाशी काय चाललंय ते. वर तारेत किती पॉवर पोचली, हे त्यातून कळत नाही.

आयकॉम आयसी-७३०० किंवा याएसू एफटी-९९१ए यांच्या आतल्या ट्यूनरची रेंज १६.७ ते १५० ओहम, म्हणजे ५०च्या एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत. यालाच ३:१ म्हणतात. बँडच्या कडेला एसडब्ल्यूआर (अँटेना ५० ओहमपासून किती दूर आहे ते सांगणारं गुणोत्तर, जुळली की १:१) थोडा चढला तर तो सावरणं हे याचं काम, आणि ते तो चोख करतो. ४०ची डायपोल (मधून फीड केलेली दोन भुजांची तार, इन्व्हर्टेड व्हीही त्यातलीच) १५ मीटरवर तिसऱ्या हार्मोनिकमुळे (तिप्पट फ्रीक्वेन्सी) बऱ्यापैकी चालते, तिथेही तो पुरतो. २० मीटरवर मात्र तीच तार पूर्ण तरंगलांबीची होते, मधल्या फीडपॉइंटला (केबल जोडतो तिथे) काही हजार ओहम येतात आणि गणित बदलतं.

बाहेरच्या ऑटो ट्यूनरमध्ये एलडीजीचा झेड-१०० प्लस घ्या: एचएफवर (शॉर्टवेव्ह बँडांवर) ६ ते १००० ओहम. अशा ट्यूनरला सरसकट १०:१ म्हणतात, पण आकडे नीट बघा. वरच्या बाजूला ही रेंज २०:१ पर्यंत जाते, खालच्या बाजूला ८:१च्या जरा पुढे थांबते. खालच्या बँडवर आखूड व्हिप (दांडीसारखी, कमी ओहमची अँटेना) लावणाऱ्याला ही खालची बाजूच लागते, म्हणून एकच गुणोत्तर न बघता दोन्ही टोकांचे ओहम बघावेत.

आता खरा मुद्दा, कोॲक्सचा, म्हणजे रिग ते अँटेना जाणाऱ्या केबलचा. गच्चीवरून घरात ३० मीटर आरजी-५८ (पातळ कोॲक्स) आली आहे, २८ मेगाहर्ट्झवर अँटेनाशी एसडब्ल्यूआर १०:१ आहे असं धरू. एवढ्या केबलचा मूळ लॉस साधारण २.४ डीबी (३ डीबी म्हणजे पॉवर निम्मी), १०:१ला तो ६ डीबीच्या आसपास जातो. १०० वॉट सोडले तर वर पोचतात जेमतेम २५. आणि याच लॉसमुळे रिगच्या टोकाला एसडब्ल्यूआर ३च्या आत दिसतो! आतला ट्यूनर दोन सेकंद रिले खडखडवतो, १:१ दाखवतो, आणि आपण खूश. केबल बदलून जाड, कमी लॉसची आरजी-२१३ टाका: लॉस साडेतीन डीबीच्या आसपास येतो, ४०हून जास्त वॉट वर जातात, पण रिगपाशी एसडब्ल्यूआर साडेचारच्या घरात दिसतो आणि आतला ट्यूनर हात टेकतो. इथे बाहेरच्या ट्यूनरचे पैसे वसूल होतात. आरजी-५८ तशीच ठेवून रुंद रेंजचा ट्यूनर घेणं मला तरी पटत नाही. तेच पैसे आधी केबलमध्ये घाला.

तिसरा पर्याय अँटेनापाशी बसणारा, उदाहरणार्थ आयकॉमचा एएच-४: ७ मीटर किंवा जास्त लांबीच्या तारेला ३.५ ते ५४ मेगाहर्ट्झ. मॅचिंग तारेच्या मुळाशीच होतं, म्हणून कोॲक्सला ५० ओहमच दिसतात आणि एसडब्ल्यूआरमुळे होणारा जास्तीचा लॉस उरत नाही. एकाच तारेवर अनेक बँड हवे असतील तर माझं मत यालाच. अटी आहेत: चांगलं ग्राउंड किंवा काउंटरपॉइज (ग्राउंडऐवजी पसरलेली तार), कंट्रोल केबल, आणि आपल्या पावसाळ्यात कनेक्टरवर सेल्फ-फ्यूजिंग टेप. तारेची लांबी वापरायच्या कुठल्याही बँडच्या अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत येऊ देऊ नका; ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे २१ मीटर, तिथे इम्पीडन्स एवढा चढतो की ट्यूनर अडतो.

एक-दोन बँड आणि रेझोनंट (त्या बँडलाच कापलेली) अँटेना असेल तर काहीच घेऊ नका, आतला पुरे. निर्णयाआधी नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) घेऊन गच्चीवर जा आणि फीडपॉइंटलाच प्रत्येक बँडचं माप घ्या. खाली, केबलच्या टोकाला घेतलेल्या मापात केबलचा लॉस मिसळलेला असतो आणि अँटेना आहे त्याहून बरी दिसते.